एका वर्षाची गाणी : १९५५



सरून गेलेले एखादे साल निवडावे, त्या सालात निघालेल्या गाजलेल्या तबकड्या बाहेर काढाव्यात, आणि इतक्या वर्षांनंतर त्यांतले काय टिकले, काय विरले, याचा हिशेब मांडावा, असा एक छंद गाण्याच्या शौकिनांत जगभर आहे. छंद चांगला आहे. मी इतिहासाचा प्राध्यापक. गाण्यातला जाणकार नव्हे. गळा म्हणाल तर गावच्या भजनात टाळ धरण्यापुरता. तेव्हा रागतालाची चर्चा माझ्याकडून होणार नाही. परंतु एका सालाची गाणी हा इतिहासाचाही विषय आहे, आणि त्या बाजूने आज आपण १९५५ या सालाकडे पाहू.

हेच साल का? एक तर त्या साली आपल्या पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झाले. दुसरे कारण जरा घरगुती आहे. या सालावरून माझे आणि माझ्या आजीचे एक भांडण झाले होते. ते भांडण मी हरलो, पण हरलो हे मला फार उशिरा कळले. ती गोष्ट पुढे ओघाने येईलच.

प्रथम तबकडीविषयी दोन शब्द. तबकडी म्हणजे केवळ गाणे साठवण्याचे भांडे, अशी आपली समजूत असते. पण भांड्याच्या मापाप्रमाणे आतला पदार्थही ठरतो, हे स्वयंपाकघरात वावरणाऱ्या कोणालाही सांगायला नको. आपल्या देशात गाणे तबकडीवर उतरवण्याचे काम १९०२ साली कलकत्त्यात सुरू झाले. तेव्हापासून पुढे पन्नास वर्षे जी तबकडी सर्वत्र चालली, ती मिनिटाला ७८ फेरे घेणारी. दहा इंच व्यासाच्या अशा तबकडीच्या एका बाजूवर सव्वातीन-साडेतीन मिनिटांचे गाणे मावे. त्याहून एक कडवे जास्त झाले तर ते कापावे लागे. रात्र-रात्र मैफल गाजवणारे गवई या साडेतीन मिनिटांत आपला राग बसवत. नाट्यपदे आखूड झाली. भावगीत तर या मापातच वाढले: धृपद, दोन-तीन अंतरे, की संपले. आजही कित्येक गाणी तीन-चार मिनिटांचीच असतात, त्याचे एक मूळ या जुन्या मापात आहे.

या तबकडीचा एक मोठा गुण मात्र सांगितला पाहिजे. तिला वीज लागत नसे. फोनोला हाताने चावी द्यायची, कर्ण्याखाली पोलादी पिन बसवायची, की गाणे सुरू. त्यामुळे जिथे विजेचा खांब पोहोचला नव्हता अशा खेड्यांतही फोनो पोहोचला होता. लग्नाच्या मांडवात किंवा जत्रेत तो आला, की त्याच्याभोवती पोरांचा गराडा पडे. चावी संपत आली की गाणाऱ्याचा आवाज जाड होत होत रडका व्हायचा, आणि मग पोरे हसायची, असे आमच्या घरची वडीलधारी मंडळी सांगत.

आता १९५५ साली जगात काय चालले होते ते पाहू. सात वर्षांपूर्वी, १९४८ साली, अमेरिकेत नवी दीर्घवादन तबकडी निघाली होती. तिलाच पुढे आपण लाँग प्ले म्हणू लागलो. ती मिनिटाला तेहतीस आणि एक तृतीयांश फेरे घेई. तिच्यावरचे चर अतिशय बारीक आणि एकमेकांना खेटून असत. फेरे कमी आणि चर जास्त, म्हणून एका बाजूवर वीस-बावीस मिनिटांचे गाणे मावू लागले. मोठे भांडे हाती आले, तेव्हा त्यात काय शिजवायचे हा विचारही सुरू झाला.

त्या साली अमेरिकेत सर्वांत गाजलेल्या गाण्यांपैकी एक होते बिल हेली आणि त्याच्या साथीदारांचे 'रॉक अराउंड द क्लॉक'. ते दोन मिनिटांच्या जरासे पुढे जाते, म्हणजे जुन्या मापाचेच. एका चित्रपटात ते आले आणि १९५५ च्या जुलैत तिथल्या विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर चढले. रॉक नावाचे संगीत जगभर पसरण्याची ती सुरुवात होती. त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये फ्रँक सिनात्रा या गायकाचा सोळा गाण्यांचा संच निघाला. ती सोळाही गाणी एकाच भावाची: रात्री जाग आलेल्या, एकट्या पडलेल्या माणसाची. सुटी गाणी नुसती एकत्र न बांधता एका सूत्रात ओवून संच करायचा, ही कल्पना त्यामुळे लोकांच्या मनात पक्की झाली. आणि त्याच वसंतात आपले सरोदवादक उस्ताद अली अकबर खाँ न्यूयॉर्कला गेले. तिथे त्यांची एक दीर्घवादन तबकडी निघाली. तबल्यावर चतुरलाल होते आणि प्रास्ताविक यहुदी मेन्युहिन या थोर व्हायोलिनवादकाने केले होते. एका बाजूला एक राग, दुसऱ्या बाजूला दुसरा. आपल्या शास्त्रीय संगीताला साडेतीन मिनिटांच्या कोठडीतून सुटका मिळाल्याची ती आरंभीची खूण होय.

म्हणजे पाहा, एकाच साली एकीकडे दोन मिनिटांचे गाणे जग हलवीत होते, तर दुसरीकडे लांब गाण्याला आणि गाण्यांच्या मालेला जागा मिळत होती. पुण्यात त्या वेळी दीर्घवादन तबकडीवर मराठी गाण्यांची माला काढण्याची सोय नव्हती. पण आपल्याकडे दुसरे एक भांडे होते, आणि ते त्याहूनही मोठे होते. ते म्हणजे रेडिओ.

त्या काळच्या रेडिओची परिस्थिती थोडी सांगायला हवी. १९५२ साली डॉ. बाळकृष्ण विश्वनाथ केसकर हे केंद्रात माहिती व नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. हे मराठी गृहस्थ. शास्त्रीय संगीताचे कट्टर अभिमानी. चित्रपटगीतांनी लोकांची अभिरुची बिघडते असे त्यांचे मत होते. त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून चित्रपटगीते फार कमी झाली. श्रोत्यांनी काय करावे? त्यांनी काटा फिरवला आणि रेडिओ सिलोन लावला. तिथून हिंदी चित्रपटगीतांचा पाऊस पडत होता. तेव्हा, चित्रपटगीत नको तर त्याच्या तोडीचे गोड आणि सोपे असे दुसरे काय देणार, हा प्रश्न आकाशवाणीपुढे उभा राहिला. त्याचे उत्तर म्हणून केंद्राकेंद्रांवर सुगम संगीताची निर्मिती सुरू झाली. नामवंत कवींकडून गीते घ्यायची, चांगल्या संगीतकारांकडून चाली बांधून घ्यायच्या, आणि ती केंद्रावरच गाऊन घ्यायची.

पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी, गांधीजयंतीच्या दिवशी सुरू झाले. केंद्र नवे आणि काहीतरी करून दाखवण्याची हौस मोठी. तिथले एक अधिकारी सीताकांत लाड यांनी आपले मित्र ग. दि. माडगूळकर यांना सांगितले, की श्रोत्यांचे रंजन होईल आणि मनावर संस्कारही होईल असे दीर्घकाळ चालणारे काही आमच्यासाठी लिहा. माडगूळकरांनी रामकथा निवडली. चाली बांधण्यासाठी सुधीर फडके यांना बरोबर घेतले. दोघांचाही जन्म १९१९ चा. एकाचा माणदेशातला, दुसऱ्याचा कोल्हापूरचा. म्हणजे त्या वेळी दोघेही छत्तिशीच्या आतबाहेरचे. दोघेही चित्रपटसृष्टीत मुरलेले. चित्रपटगीताला उत्तर द्यायला चित्रपटातलेच उत्तम कारागीर पुढे आले, ही त्यातली गंमत लक्षात घेण्यासारखी आहे.

१ एप्रिल १९५५, शुक्रवार, रामनवमी. त्या दिवशी सकाळी पावणेनऊ वाजता पहिले गीत प्रक्षेपित झाले. त्या गीताची हकिगत पुष्कळांनी सांगितली आहे. माडगूळकरांनी लिहून दिलेला कागद ऐनवेळी सापडेना. प्रक्षेपणाची वेळ तर ठरलेली. कवी नाराज झाले. पण लाडांनी त्यांना एका खोलीत बसवले, बाहेरून दार लावून घेतले, आणि थोड्याच वेळात ते गीत पुन्हा कागदावर उतरले. पुढे दर आठवड्याला एक नवे गीत, असा क्रम वर्षभर अखंड चालला. दर शुक्रवारी नवे गीत हवे म्हणजे हवे. नांगरटीच्या दिवसांत आज बैल अडला तर उद्या जुंपता येतो. इथे ती मुभा नव्हती.

शेवटचे गीत १९ एप्रिल १९५६ रोजी, पुन्हा रामनवमीला झाले. मधे दिवस गेले ३८४. शिक्षक मंडळींनी हा हिशेब वर्गात जरूर करून घ्यावा. एका रामनवमीपासून दुसऱ्या रामनवमीपर्यंत साधारणपणे ३५४ दिवस होतात. इथे तीस दिवस जास्त कुठून आले? त्या वर्षी भाद्रपद हा अधिक मास आला होता. म्हणून पन्नास-बावन्न गीतांत आटोपणारे रामायण छप्पन्न गीतांचे झाले. पंचांगाने चार गाणी वाढवून दिली, असे म्हटले तरी चालेल!

आता मुख्य गोष्टीकडे वळू. ही छप्पन्न गीते गायली कोणी?

आपल्यापैकी बहुतेक जण एकच नाव घेतील: सुधीर फडके, म्हणजे बाबूजी. ते उत्तर चूक नाही, पण पुरते बरोबरही नाही. १९५५-५६ च्या मूळ प्रक्षेपणात जे पात्र बोलते त्याला साजेसा आवाज, अशी योजना होती. बाबूजी त्यांत होतेच. पण त्यांच्याखेरीज माणिक वर्मा होत्या, वसंतराव देशपांडे होते, मालती पांडे, ललिता फडके, राम फाटक, सुरेश हळदणकर, बबनराव नावडीकर, गजानन वाटवे होते, आणखीही कितीतरी होते. लता मंगेशकरही होत्या. रामाचे गीत पुरुषाने, सीतेचे गीत बाईने, असे ते एखाद्या नाटकासारखे, अनेक मुखांनी बोलणारे रामायण होते. गाणीही ऐसपैस. एका गाण्याला सात-आठ कडवी सहज असत. ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर त्यातले अर्धेही मावले नसते. रेडिओने पाव तासाची वेळ दिली, म्हणून कवीला कथा सांगायला जागा मिळाली. गीतरामायणाच्या लांबीमागे आणि त्याच्या अनेक आवाजांमागे रेडिओ हे भांडे आहे, हे विसरता कामा नये.

आता जरा आमच्या मुळशीत या. पौडच्या पुढे, धरणाच्या अंगाला आमचे गाव. मुळशीचे धरण म्हणजे काय हे पुणे जिल्ह्याला सांगायला नको. १६ एप्रिल १९२१ रोजी सेनापती बापट आणि मावळे शेतकरी त्या धरणाविरुद्ध सत्याग्रहाला उभे राहिले. तो दिवसही रामनवमीचाच होता. सत्याग्रह मोडला, गावे आणि भातखाचरे पाण्याखाली गेली, धरण झाले. त्या पाण्यावर घाटाखाली भिऱ्याला वीज तयार होऊ लागली आणि ती मुंबईला गेली. पाणी आमचे, पण १९५५ साली धरणाकाठच्या गावांत दिवा मात्र रॉकेलचाच होता. मग रेडिओ कशावर लावायचा? बॅटरीवर. ती बॅटरी उतरली की पुण्याला नेऊन भरून आणायची. म्हणून रेडिओ फार जपून लावत. आमच्या गावात असा एकच रेडिओ होता, एका दुकानदाराच्या घरी. शुक्रवारी सकाळी मात्र तो लागायचाच.

माझी आजी तेव्हा त्या दुकानदाराच्या शेजारच्या घरात नुकतीच सून म्हणून आली होती. वय एकोणीस-वीस. ओटीवर पुरुषमंडळी बसलेली. तिथे सुनेने जाऊन बसण्याची सोय नव्हती. पाण्याची कळशी मागच्या दारी टेकवायची आणि दाराशी उभे राहून जेवढे कानी पडेल तेवढे ऐकायचे, असा तिचा शिरस्ता. त्या काळी रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून लोक गीतरामायण ऐकत, असे ठिकठिकाणचे जुने श्रोते सांगतात. आमच्या गावातही ओटीवर उदबत्ती लागायची, असे ती सांगे.

एक गाणे तिच्या विशेष लक्षात राहिले होते. लक्ष्मण सीतेला वनात सोडून निघतो तेव्हाचे. शिमगा होऊन गेला होता, उन्हे तापू लागली होती, आणि ते गाणे ऐकताना आपण कळशी उचलायची विसरलो, सासूबाई रागावल्या, असे तिने मला किती वेळा सांगितले असेल!

आता प्रक्षेपणानंतर काय झाले ते पाहू. ३ ऑक्टोबर १९५७ रोजी, विजयादशमीला, भारत सरकारच्या प्रकाशन विभागाने गीतरामायण पुस्तकरूपाने काढले. योगायोग असा, की त्याच दिवशी आकाशवाणीची विविधभारती सुरू झाली. म्हणजे ज्या चित्रपटगीतांना दूर ठेवायचे होते, त्यांना आकाशवाणीने पुन्हा दार उघडले. इकडे बाबूजींनी गीतरामायणाचे जाहीर कार्यक्रम सुरू केले. त्यात गायक ते एकटे. हाती पेटी, साथीला तबला आणि प्रभाकर जोगांचे व्हायोलिन. गावोगावी डझनभर गायक घेऊन हिंडणे कोणाला जमणार? पण एकट्याने गाऊनही त्यांनी ते अशा ताकदीने उभे केले, की लोकांना दुसऱ्या आवाजाची उणीव भासली नाही. मूळच्या चालींवरच हिंदी, कन्नड, गुजराती अशा भाषांत गीतरामायण गेले.

पुढे दीर्घवादन तबकडी आपल्याकडे रुळली आणि गीतरामायणाचा दहा तबकड्यांचा संच निघाला. छप्पन्न गीते, सगळी बाबूजींच्या एका आवाजात. सात-आठ मिनिटांचे गाणे आता न कापता तबकडीवर बसू शकत होते. रेडिओने जी लांबी दिली ती या नव्या तबकडीने जपली. पण रेडिओने जे अनेक आवाज दिले होते ते या संचात नव्हते. भांडे बदलले, तसा पदार्थही थोडा बदलला.

आणखी एक गोष्ट घडली. ही नवी तबकडी चावीच्या फोनोवर चालेना. तिचे चर इतके नाजूक, की जुन्या फोनोची जड पोलादी पिन ते खरवडून काढील. तिला हलकी सुई आणि विजेवर चालणारे यंत्र लागे. किंमतही खेड्यातल्या माणसाला पेलणारी नव्हती. म्हणजे जुनी तबकडी विजेवाचून खेड्यात आली होती, पण नवी तबकडी विजेसाठी शहरात अडली. आमच्या गावापुरते बोलायचे तर, १९५६ च्या रामनवमीनंतर गीतरामायण समग्र असे पुन्हा कानावर पडले ते पार कॅसेट आल्यावर. मधे जवळजवळ तीस वर्षे लोटली. आणि कॅसेटवर आला तो एकच आवाज, बाबूजींचा.

आता आमचे भांडण. नव्वदीच्या सुमारास आमच्या घरी टेपरेकॉर्डर आला आणि वडिलांनी गीतरामायणाच्या कॅसेटी आणल्या. मी तेव्हा शाळेत होतो. सीतेचे ते गाणे लागले, आणि आजी म्हणाली,

"हे ते नव्हं. ते बाईनं म्हटलं होतं."

मी म्हणालो, "आजी, गीतरामायण सुधीर फडक्यांनीच म्हटलंय. ह्या डबीवर छापलंय बघ."

"छापलं असंल. मी ऐकलंय ना. बाईचा आवाज होता. सीता काय बाप्याच्या आवाजात रडंल का?"

मी शाळकरी शहाणा. मी तिला डबी दाखवली, तिच्यावरची अक्षरे वाचून दाखवली. ती गप्प झाली. घरातले सगळे हसले. म्हातारपणी माणसाला असे भास होतात, कुठले तरी सिनेमातले गाणे ती यात मिसळत असेल, असा निकाल आम्ही लावून टाकला. नंतर तिने तो विषय काढला नाही. ते गाणे लागले की मात्र ती उठून आत जाई.

पुढे मी पुण्याला शिकायला गेलो, एम.ए. झालो, शिकवू लागलो. एकदा जुन्या ध्वनिमुद्रणांचा नाद असलेल्या एका स्नेह्यांकडे बसलो असता त्यांनी मूळ प्रक्षेपणातली काही गाणी ऐकवली. त्यात ते गाणे निघाले. आवाज बाईचा होता.

मी हिशेब केला. आजीने ते ऐकल्याला पन्नास वर्षे होत आली होती. मागच्या दारी उभे राहून, शेजारच्या ओटीवरच्या बॅटरीवरच्या रेडिओतून, बहुधा एकदाच ऐकलेले. आणि तिची आठवण अचूक होती. छापील डबीही खोटे सांगत नव्हती. त्या कॅसेटवर गायक कोण, एवढेच ती सांगत होती. चूक माझी होती. एका संचावरचा छापील मजकूर मी एका वर्षाचा इतिहास समजलो, आणि जिने ते वर्ष प्रत्यक्ष ऐकले होते तिला भ्रमिष्ट ठरवले. हे तिला सांगायला मी घरी जाऊ शकलो नाही. आजी दोन वर्षांपूर्वीच वारली होती.

श्रोतेहो, घरचे रडगाणे ऐकवावे म्हणून मी हे सांगितले नाही. यात इतिहासाचा एक धडा आहे. एखाद्या जुन्या सालाची गाणी आपण आठवू लागतो, तेव्हा त्या सालाच्या ज्या वस्तू शिल्लक राहिल्या त्याच आपल्या हाती लागतात. तबकड्या राहतात, त्यांची वेष्टने राहतात, विक्रीच्या याद्या राहतात. हवेतून आले आणि हवेत गेले ते राहत नाही. जे राहिले त्यालाच आपण ते साल म्हणतो. अमेरिकेतले १९५५ साल तबकड्यांवरून पुष्कळसे कळते, कारण तिथे गाणे तबकडीवर होते. आपले १९५५ साल तबकड्यांवरून कळणार नाही. आपले गाणे रेडिओवर होते, आणि ते मुख्यतः ऐकणाऱ्यांच्या कानांत राहिले.

बाबूजींच्या संचाला यात उणेपणा येतो असे कोणी समजू नये. त्या संचामुळेच गीतरामायण पुढच्या पिढ्यांना मिळाले. माझ्यासारख्यांना तर दुसरे दारच नव्हते. एकाच आवाजात ऐकले, की कुशलवांनी सांगितलेली सलग कथा ऐकल्यासारखे वाटते. अनेक आवाजांत ऐकले, की राम, सीता, कौसल्या आपापले दुःख आपल्या तोंडाने सांगतात. दोन्ही खरी आहेत. फक्त एकाला दुसऱ्याच्या जागी बसवू नये, एवढेच म्हणणे.

आणि ऐकणाऱ्याचे म्हणणे विचारायचे असते, हेही आपल्या पुणे केंद्राला तेव्हा ठाऊक होते. गीतरामायण संपत आले होते त्याच दिवसांत, म्हणजे १९५६ च्या फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, या केंद्राने युनेस्कोच्या साह्याने शेतकऱ्यांच्या श्रोतृमंडळांचा मोठा प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतली दीडशे गावे घेतली. आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे वीस कार्यक्रम झाले. गावकऱ्यांनी एकत्र बसून ऐकायचे, त्यावर चर्चा करायची, आणि आपल्या शंका व मते केंद्राकडे पाठवायची. टाटा समाजविज्ञान संस्थेने त्याची पाहणी केली आणि पुढे देशभर अशी मंडळे निघाली. खत-बियाण्याबद्दल गावकऱ्याला काय वाटले हे विचारणारे लोक होते. गाण्याबद्दल मात्र, मागच्या दारी उभ्या असलेल्या सुनेला काय ऐकू आले, हे कोणी विचारले नाही. घरच्यांनीही विचारले नाही, याची कबुली मी वर दिलीच आहे.

म्हणून शेवटी शिक्षक बंधुभगिनींना एक विनंती. १९५५ साली जी मुले दहा वर्षांची होती ती आज ऐंशीच्या पुढे आहेत. प्रत्येक गावात अशी दोन-चार माणसे सापडतील. आपल्या वर्गातल्या मुलांना वही घेऊन त्यांच्याकडे पाठवा. पहिला रेडिओ गावात कोणाकडे आला, बॅटरी कुठे भरून आणत, कोण कुठे बसून ऐके, बायका कुठून ऐकत, कोणते गाणे ध्यानात राहिले, ते कोणी गायले असे वाटते, एवढे साधे प्रश्न पुरेत. उत्तर पुस्तकाशी किंवा डबीवरच्या छापाशी जुळले नाही, तर खोडू नका. जसे सांगितले तसे लिहा, सांगणाऱ्याचे वय लिहा, आणि तारीख घाला. मग पडताळा घ्या. कधी सांगणाऱ्याची आठवण चुकलेली निघेल, तर कधी छापील मजकूर अपुरा निघेल. दोन्हींची नोंद ठेवा. तीच त्या सालाची खरी उजळणी.

तबकड्या शहरातल्या संग्राहकांकडे जपून ठेवलेल्या आहेत. त्यांची फारशी काळजी नको. जी ध्वनिमुद्रिका आपल्या घरात, माजघराच्या कोपऱ्यात बसलेली आहे, ती पुन्हा पुन्हा लावता येणार नाही. ती आज आहे तोवर ऐकून घ्यावी.